वैशालीचं दान

माझ्या वसतिगृहात तक्रारी नव्हत्या. दुसऱ्या वसतिगृहांच्या अधीक्षिका भेटल्या की त्यांचं रडगाणं सुरू व्हायचं. मुली भांडतात, आमटीला नावं ठेवतात, अंघोळीच्या पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या ओढतात. मी मान हलवत ऐकायची आणि मनात म्हणायची, आमच्याकडं असलं काही नाही. आमच्या मुलींना विचार दिलाय आपण. आज कुणी अधीक्षिका मला आमच्याकडं तक्रारीच नाहीत असं सांगायला लागली, तर मी तिला खाली बसवीन आणि विचारीन, तक्रारी कधीपासून बंद झाल्या?

ते वसतिगृह कसबा बावड्याच्या टोकाला होतं, उसाच्या फडांना पाठ लावून उभं. आठवी ते बारावीच्या अठ्ठेचाळीस मुली, बहुतेक शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा गोडसर, जड वास खिडक्यांतून आत यायचा आणि उशांत, केसांत, वह्यांत मुरून बसायचा. हिवाळ्यात पहाटे नदीकडून धुकं यायचं. अंगणातल्या दोरीवरचे युनिफॉर्म तेवढे दिसायचे, दोरी दिसायची नाही. निळे फ्रॉक हवेत नुसतेच लटकलेले. अजूनही झोपेत मला ते वसतिगृह दिसतं तेव्हा तसंच दिसतं, धुक्यातलं आणि गोड वासाचं. मुली इकडून तिकडं जातात, त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही आणि मी हजेरी घेत असते.

अधीक्षिका म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. लोकांना वाटतं, किल्ल्यांचा जुडगा आणि करडा चेहरा. किल्ल्या होत्या. पण खरं काम रजिस्टरांचं. हजेरीचं रजिस्टर, धान्याचं रजिस्टर, आजारपणाचं रजिस्टर आणि सगळ्यांत महत्त्वाचं ते बाहेर जाण्याचं. मुलीचं नाव, कुठे जाणार, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि शेवटी माझी सही. बाकीचा दिवस पाणी, डाळ, पंखे, उवा, पाळीच्या दिवसांतली पोटदुखी आणि समाजकल्याणच्या कार्यालयात घातलेल्या खेपा यांत जायचा. गळकं छप्पर बदलून मिळावं म्हणून मी त्या कार्यालयाच्या पायरीवर दोन दिवस बसले होते. छप्पर बदललं. त्याचा मला अजून अभिमान आहे, तो मी सोडणार नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला आणि सुट्टीच्या दिवशी सभांची पत्रकं वाटायला. उरलेली पत्रकं घरी यायची. कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘अ’ अननसाचा असतो हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं ‘अ’ अन्यायाचा होता. असं वाढलेलं माणूस जगाकडं ठळक टाइपात बघतं. त्याला दुःख दिसलं की लगेच त्याच्यामागं उभा असलेला गुन्हेगार शोधावासा वाटतो. आणि गुन्हेगार सापडला नाही, तर ते दुःखच खोटं वाटायला लागतं.

वसतिगृहाच्या दारात मी एक फळा लावला होता. त्यावर लाल खडूनं लिहिलेलं असायचं: ‘आपण रडण्यासाठी जन्मलेलो नाही.’ खडू पुसट झाला की मी पुन्हा गिरवायची.

पहिल्याच वर्षी उचगावची एक मुलगी होती, सुरेखा, नववीतली. जून-जुलैत हसरी, दिवाळीनंतर अशी काही बिथरली की जो समोर येईल त्याच्या अंगावर जायची. कुणी तिच्या गादीवर बसलं तरी भांडण. एकदा तिनं शेजारणीच्या वह्या पाण्यात टाकल्या. मी तिला महिनाभर आवार झाडायला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “इतक्या जणांनी खस्ता खाल्ल्या, ते तू इथं येऊन भांडावं म्हणून?” परीक्षेनंतर घरी गेली ती परत आली नाही. पुढं एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की या वयातलं दुःख पुष्कळदा रागाचे कपडे घालून येतं, त्याला डोळ्यांत पाणी असतंच असं नाही. तोवर सुरेखाचा पत्तासुद्धा माझ्याकडं राहिला नव्हता. मी उचगावात दोनदा विचारत फिरले. ते कुटुंब कामासाठी दुसरीकडं गेलं होतं.

वैशाली आली त्याच्या तिसऱ्या वर्षी, अकरावीला. मलकापूरच्याही पुढं घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. दहावीला ती तालुक्यात नाव निघावं अशा मार्कांनी पास झाली होती, म्हणून सायन्सला घातलेली. उंच, बारीक, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. आवाज मात्र खणखणीत. पहिल्या महिन्यात तिनं जेवणघरात उभं राहून स्वयंपाकीणबाईंना सुनावलं होतं, “मावशी, ही आमटी न्हाय, ही पंचगंगा हाय. पोहायला उतरू काय?”

सगळं जेवणघर हसलं होतं. या मावशी म्हणजे शालन मावशी. पन्नाशीच्या, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण, आवाज असा की हाक मारली की फडातले बगळे उडावेत. त्यांनी पळी उगारून उत्तर दिलं होतं, “उतर की. बुडलीस तर डाळीत बुडली म्हणून गावात नाव तरी हुईल.”

त्या दोघींचं रोज असं चालायचं. मग कधीतरी ते थांबलं. कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही. दिवाळीनंतर ती डोकं दुखतंय म्हणून दोन-तीनदा कॉलेजला गेली नाही. पोट दुखतंय म्हणायची. मी आजारपणाच्या रजिस्टरात ‘डोके’, ‘पोट’ असं लिहून गोळी द्यायची. तिच्या खोलीतली पुष्पा मला म्हणाली, “ताई, वैशाली पहाटे तीनलाच जागी होऊन बसते, भिंतीकडं बघत.” मी म्हटलं, “बारावीची तयारी आत्तापासून करत असेल.” पुष्पा म्हणाली, “पुस्तक नसतं ताई तिच्या हातात.” मी पुष्पाला म्हटलं, दुसऱ्यावर पाळत ठेवू नये.

एवढं सगळं माझ्यापर्यंत आलं होतं. कुणी लपवलं नव्हतं. रजिस्टरात माझ्याच अक्षरात होतं.

डिसेंबरच्या शेवटी वैशालीत बदल झाला. ती शांत झाली. चेहऱ्यावरचा ताण गेला, हजेरीला वेळेवर यायची, विचारलं की हसायची. मला बरं वाटलं. आणि त्याच आठवड्यात ती तिच्या वस्तू देऊ लागली. आठवीतल्या एका मुलीला स्वेटर दिला. पुष्पाला कंपासपेटी आणि सगळ्या वह्या. कुणाला रिबिनी, कुणाला पावडरचा डबा. मुलींनी मला कौतुकानं सांगितलं.

आमच्याकडं रविवारी सकाळी हॉलमध्ये वंदना व्हायची. त्रिसरण, पंचशील आणि मग माझं दहा मिनिटांचं भाषण. दहा मिनिटं ही मी सांगायची वेळ. मुली म्हणायच्या, घड्याळ ताईंना घाबरतं. त्या रविवारी मी दानावर बोलले. आपल्या धम्मात दानाला केवढी जागा आहे, ज्याच्याकडं खूप आहे त्याच्या दानापेक्षा ज्याच्याकडं थोडं आहे त्याचं दान कसं मोठं, असं सगळं. आणि मग मी वैशालीला उभं केलं. “थंडीच्या दिवसांत अंगातला स्वेटर काढून देणारी मुलगी आपल्यात आहे,” मी म्हणाले. “वस्तूंचा मोह सुटणं म्हणजे काय, ते हिच्याकडून शिका.” अठ्ठेचाळीस मुलींनी हात जोडले आणि तीनदा म्हटलं, साधु, साधु, साधु.

वैशाली उभी होती. खिडकीतून धुकट ऊन येत होतं आणि ती माझ्याकडं बघून हसत होती. ते हसू मी नंतर खूप वेळा आठवून बघितलं. लांब गेलेल्या बसच्या मागच्या काचेतून कुणी बघावं, तसं होतं ते.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात पंख्यांसाठीचा अर्ज लिहीत होते. शालन मावशी सुपात तांदूळ घेऊन आल्या आणि दारातच फतकल मारून खडे निवडायला बसल्या. असं त्या कधी करत नसत. मी लिहीतच राहिले.

“ताईसाहेब,” त्या म्हणाल्या. ‘साहेब’ लावलं की त्यांचं माझ्याशी भांडण असायचं. “त्या वैशालीनं मला सकाळी ताट दिलंया.”

“कसलं ताट?”

“तिचं. जेवायचं. आयचं नाव घातल्यालं.”

आमच्याकडं प्रत्येक मुलगी घरून स्वतःचं ताट-वाटी आणायची. बहुतेक ताटांच्या काठावर आईचं किंवा आजीचं नाव कोरलेलं असायचं, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं. सुट्टीला जातानाही मुली ताट बरोबर न्यायच्या, एवढा जीव त्यात.

मी मान वर न करता म्हटलं, “दिलं तर घ्या की मावशी. दान आहे ते.”

मावशींनी सूप खाली ठेवलं. “व्हय? स्वेटर दिला, दुसरा मिळंल म्हणू. वह्या दिल्या, पाठ झालं आसंल म्हणू. पर ताट? उद्या जेवायचं कशात तिनं? ज्याला उद्या जेवायचं हाय त्यो ताट देतो व्हय गं कुणाला?”

मी पेन खाली ठेवलं. मावशी मला ‘गं’ कधी म्हणाल्या नव्हत्या.

“माझ्या धाकल्या भनीनं असंच केलतं,” मावशी सुपाकडं बघत म्हणाल्या. “समद्यास्नी बांगड्या वाटल्या, हातातल्या सुदिक. आमी म्हनलं, काय गुणाची पोर. आठ दिसांनी पोर न्हवती.”

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. मी बाहेर जाण्याचं रजिस्टर ओढलं. वैशालीचं नाव होतं. कुठे जाणार: मलकापूर. निघण्याची वेळ: सव्वानऊ. परतण्याची वेळ, तो रकाना मोकळा. आणि पुढं माझी सही. सकाळी सात-आठ मुलींनी रजिस्टर पुढं केलं होतं आणि मी ओळीनं सह्या केल्या होत्या.

त्यानंतरचा तास माझ्या आठवणीत सलग नाही. रिक्षा होती. रिक्षावाला विचारत होता, “पावणं, गाडी गाठायची हाय काय?” आणि मावशी त्याला म्हणत होत्या, “माणूस गाठायचं हाय, हाण तू.” रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, त्यांच्या मागं आम्ही अडकलो होतो आणि ट्रॉलीतून लोंबणारं उसाच्या शेंड्याचं एक वाढं रिक्षाच्या काचेवर हळूहळू घासत होतं. वेळ पाकासारखा झाला होता, जाड आणि सावकाश. मी मनात भाषण तयार करत होते. आयुष्याचं मोल, आईबापांचे कष्ट, इतिहास. मला दुसरं काही येतच नव्हतं.

वैशाली मध्यवर्ती बसस्थानकावर होती. मलकापूरची गाडी लागते तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसलेली. बरोबर पिशवी नाही, काही नाही. हात मांडीवर. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ती पाण्यातल्या दगडासारखी. शेजारच्या शेंगदाणेवाल्यानं नंतर सांगितलं, तिच्यासमोरून तीन गाड्या गेल्या, ती उठली नाही.

मी पुढं झाले. मावशींनी माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. त्या आधी गेल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. दोघी समोरच्या फलाटाकडं बघत होत्या.

वैशाली म्हणाली, “मावशी, तू कशाला आलीस? आणि सैपाक?”

“करपू दे सैपाक.” मग मावशींनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बाजारात भाव विचारावा इतक्या सरळ आवाजात विचारलं, “जीव नको झालाय काय गं तुला?”

मला वाटलं, असं कुणी विचारतं का? विचारून तिच्या डोक्यात नसलेलं भरवायचं? पण वैशालीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते मी लांबून बघितलं. ती म्हणाली, “व्हय.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं. मावशी, मला कायच वाटंना झालंय. रडू बी येत न्हाय आता. आदी यायचं तर मी नळ सोडून न्हाणीत रडायचो. त्यो फळा हाय न्हवं दारात.”

फळा. माझ्याकडं तिनं बघितलं नाही आणि तिच्या बोलण्यात रागही नव्हता. राग असता तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

“बरं,” मावशी म्हणाल्या. “आता एकटीनं काय बी करायचं न्हाय. आमी हाय. हितनं दवाखान्यात जाऊ.”

“ताई वरडतील.”

“ताई? ती बघ कशी हुबी हाय. तिलाच कुणीतरी धरा म्हणावं लागंल.”

मी रिक्षात तयार केलेलं भाषण शोधलं, ते सापडलं नाही. मी विचारलं, “चहा घेशील?” तिनं मान हलवली. आम्ही तिघींनी उभ्यानं चहा घेतला.

त्याच दिवशी आम्ही तिला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. मी खरं सांगते, तोवर मी त्या खात्याच्या दारापुढून जातानाही तोंड वाकडं करायची. डिप्रेशन हा बंगल्यांत राहणाऱ्यांचा आजार, असं मी भाषणात म्हटलेलं आहे. ज्यांना पोटाची चिंता नसते त्यांना मनाची चिंता सुचते, असंही. टाळ्या मिळाल्या होत्या.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, हळू बोलणाऱ्या. वैशालीशी त्या एकट्या पाऊण तास बोलल्या. मग मला आत बोलावलं. मी लगेच सुरू झाले, की कॉलेजात कुणी त्रास दिला का, जातीवरून कुणी बोललं का, नाव सांगा, मी बघते. डॉक्टरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “इंग्रजीतलं फिजिक्स तिला कळत नाही, वर्गात मागून हसतात, हे आहे. त्यासाठी तुम्ही जरूर भांडा. पण भांडण संपेपर्यंत हिचे उपचार थांबवून ठेवता येणार नाहीत. हा आजार आहे. आधी झोप आणू, जेवण आणू. कुणीतरी सतत बरोबर राहू दे.”

आणि मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. पूर्वी काय आवडायचं तिला, आणि ते कधी सुटलं? पहाटे जाग येते का? डोकं, पोट दुखतं म्हणते का? चेष्टा करायची थांबली का? एक-एक प्रश्न येत होता आणि माझ्या डोळ्यांपुढं माझीच रजिस्टरं उघडत होती. “आणि एकदम शांत झाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बरं वाटलं.”

“सगळ्यांनाच वाटतं,” त्या म्हणाल्या. “बरेच दिवस दुःखात असलेलं मूल कारण नसताना एकदम शांत झालं आणि जपलेल्या वस्तू वाटायला लागलं, की कौतुक करू नये. जवळ जाऊन बसावं आणि विचारावं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते येत नाही. आधीच आलेलं असतं ते, विचारल्यावर बाहेर पडायला वाट मिळते.”

मी त्यांना वंदनेची गोष्ट सांगितली. अठ्ठेचाळीस मुलींची, तीनदा साधु म्हटल्याची. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी वैशालीचे वडील आले. गावातल्या दुकानात फोन करून निरोप धाडला होता. डोक्याला पटका, खांद्यावर नाचणीचं गाठोडं, कारण मुलीला भेटायला मोकळ्या हातानं कसं यायचं. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते चिडतील, नाहीतर म्हणतील की आमच्यात असलं काही नसतं. ते बराच वेळ गाठोड्याची गाठ सोडत आणि बांधत बसले.

“ताई,” ते म्हणाले, “तुमी आमच्या गावात भाषणाला आलतासा. म्हनला, पोरीला शिकवा. मी शिकीवली. कुनाचं ऐकलं न्हाय, भावाचं बी न्हाय. तुमचं ऐकलं. आता ती आजारी पडलीया, तर ह्यावर बी तुमीच सांगा की. मी तसंच करतो.”

मी म्हटलं, “मलाही नवीन आहे हे, काका. आपण दोघं शिकू.”

पुढचे महिने सोपे नव्हते. औषध मावशींच्या डब्यात, मसाल्याच्या कपाटात कुलपात. पुष्पाची गादी वैशालीच्या गादीला लावलेली. पुष्पाला मी बोलावून म्हटलं, तू बरोबर होतीस, माझं चुकलं. ती एवढी घाबरली की रडायलाच लागली. फळा मी काढला. त्या जागी काय लिहावं, हे मला कितीतरी दिवस सुचलं नाही, म्हणून तिथं नुसता खिळा राहिला. एका रविवारी मी मुलींना वैशालीचं नाव न घेता म्हटलं, की मनालाही ताप येतो आणि तो आला तर सांगायला लाज नाही. रडायचं असेल तर हॉलमध्ये रडा, नळाचं पाणी वाया घालवू नका. कुणी हसलं नाही. पण त्या आठवड्यात तीन मुली माझ्या ऑफिसात येऊन बसल्या, एकेकट्या.

मग माझा दुसरा मूर्खपणा सुरू झाला. मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. एक मुलगी दोन दिवस जेवली नाही, गप्प बसली. मी तिला बाजूला घेतलं, हात हातात घेतला आणि शिकले होते तसं सरळ विचारलं. ती माझ्याकडं भूत दिसल्यासारखी बघत राहिली. मग गाल धरून म्हणाली, “ताई, माझा दात दुखतोय.” मावशींना कळल्यावर त्यांनी ती गोष्ट वर्षभर पुरवली. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायच्या, “ताईस्नी इचारा, मिठाला जीव नको झालाय काय.”

तरी मी विचारायचं सोडलं नाही. दहा दाढा दुखत निघाल्या तरी चालतील.

माझा राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. वसतिगृहाच्या अधीक्षिकेला धान्याचं रजिस्टर कसं ठेवायचं, याचं प्रशिक्षण मिळतं. जेवायला बसलेल्या मुलीकडं कसं बघायचं, याचं मिळत नाही. मनाचा डॉक्टर गाठायला मलकापूरच्या पुढच्या माणसाला दिवस मोडावा लागतो. घाटाखालच्या शाळेत कुणी मूल कोमेजलं, तर आधी देवऋषी येतो, मग मास्तरांची छडी आणि डॉक्टर सर्वांत शेवटी, आला तर. याच्यासाठी मी त्याच कार्यालयाच्या पायरीवर पुन्हा बसले आहे. पण आता बसते तेव्हा मला माहीत असतं, की माझ्या भाषणाला टाळ्या देणाऱ्यांतही कुणीतरी नळ सोडून रडून आलेलं असू शकतं.

वैशालीनं बारावी एक वर्ष उशिरा दिली, आर्ट्सला. आता ती शिक्षिका आहे आणि हे सगळं लिहायला तिनंच मला सांगितलं. नावं मात्र बदला, म्हणाली. मी सगळ्यांचीच बदलली आहेत. मसुदा वाचून म्हणाली, “ताई, तुमचं मावशीपेक्षा जास्त बोलणं झालंय, कापा.” मी कापलं. पण एक प्रसंग तिनं वाचला नव्हता, तो मी नंतर घातला आहे. तो तिला माहीत नाही, कारण तेव्हा ती झोपलेली होती.

दवाखान्याची तिसरी की चौथी खेप होती. फेब्रुवारीतली दुपार. लांबलचक व्हरांडा, लाकडी बाकं आणि हातात नंबराचा कागद. आमचा नंबर लांब होता. वैशाली औषधानं जराशी जड, डोळे मिटत होते आणि मिटले की दचकून उघडत होते. मी बोलत होते. तुला बहीण-भाऊ किती, फिजिक्स नको तर काय घेता येईल, मराठीत किती वाटा आहेत, असं न थांबता, पाण्याचा नळ गळावा तसं. ती म्हणाली, “ताई, जरा गप बसाल काय?”

कितीतरी दिवसांत तिनं कुणाला काही मागितलं नव्हतं. मी गप्प बसले.

व्हरांड्याच्या जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते आणि ते फार सावकाश सरकत होते. तिचं डोकं आधी भिंतीला टेकलं, मग कलत कलत माझ्या खांद्यावर आलं. तिचा श्वास लांब झाला. तोंड थोडं उघडं राहिलं, लहान मुलांचं राहतं तसं. पुष्पा म्हणाली होती, ती पहाटे तीनलाच उठून बसते. ही झोप तसली नव्हती, तळाला गेलेली होती.

शिपायानं आमचा नंबर पुकारला. मी आयुष्यभर रांगेसाठी भांडत आलेली बाई. रांगेत कुणी घुसलं, तर मी साहेबांपर्यंत जाते. शिपायानं पुन्हा पुकारलं. मी हलले नाही. पलीकडं एक म्हातारी आपल्या नातवाला घेऊन बसली होती, तिला मी खुणेनं म्हटलं, तुम्ही जा. तिनं वैशालीकडं बघितलं, मान हलवली आणि नातवाला उठवून पाय न वाजवता आत गेली. मग तिच्या मागचा गेला. मग त्याच्या मागचा.

चार वाजता दवाखाना बंद होताना डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. माझ्या हातातला घडी पडलेला नंबराचा कागद त्यांनी बघितला, आणि माझ्या खांद्यावरचं ते डोकं. त्या आमच्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि थांबल्या.